पावाची टोपली आणि माशाचं वजन

रोमला जाऊन आलेल्यांना तिथल्या जेवणाबद्दल विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, "काय चव, काय चव!" आणि दुसरं, "लुटतात हो तिथे." नेमकं कशात लुटलं असं विचारावं, तर बहुतेक जण पावाचं नाव घेतात. न मागता टोपली आणून ठेवली आणि वर तिचे पैसे लावले! माझं मत आधीच सांगून टाकते. पावाच्या पैशांवरून तिथे भांडण्यात काही अर्थ नाही. भांडायच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा ऑर्डर देण्याच्या आधी येतात.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, सासूबाई, नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी. दिवसभराच्या पायपिटीनंतर पँथिऑनच्या आसपासच्या गल्लीत जेवायची जागा शोधत होतो. एका दारात उभ्या असलेल्या माणसाने आम्हाला बघितलं आणि "नमस्ते, आइए" म्हणाला. परक्या गावात इतकं पुरतं. सासूबाई तर पहिल्या खुर्चीवर बसल्यासुद्धा.

पावाची टोपली आली, पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि पाठोपाठ टोमॅटो-तुळस घातलेल्या भाजलेल्या पावाचं एक मोठं ताट आलं. वेटर हसून म्हणाला, "सुरुवातीला." कोणाच्या तर्फे, ते नाही बोलला. मग तो एका तबकात मासा घेऊन आला. चांदीसारखा चकचकीत, डोळे स्वच्छ, आजचाच म्हणे. भावोजी मूळचे मालवणचे. त्यांनी माशाकडे बघितलं, वेटरकडे बघितलं आणि मान हलवली. मेन्यूवर त्या माशापुढे ८ युरो छापलेले होते. शेजारी बारीक अक्षरात "अल्ल्' एत्तो" असंही होतं.

एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. इटलीत मासे, खेकडे, झिंगे, कधी कधी मोठा स्टेकसुद्धा असाच विकला जातो, आणि वजन कच्च्या मालाचं धरतात. तो मासा निघाला १ किलो ३०० ग्रॅमचा. तेरा एत्तो, प्रत्येकी ८ युरो, म्हणजे १०४ युरो. खाणारे तिघे. मालवणच्या बाजारात कल्ले उघडून बघितल्याशिवाय आणि वाट्यात आणखी चार बांगडे टाकून घेतल्याशिवाय जो माणूस हलत नाही, त्याला पांढऱ्या शर्टातल्या माणसाला "केवढ्याला?" म्हणून विचारायचा संकोच वाटला. हा संकोचच ही मंडळी विकत असतात.

कायद्याच्या दृष्टीने यात बोट ठेवायला फारशी जागा नसते, कारण दर छापलेला असतो. म्हणून प्रश्न तबक समोर असतानाच विचारायचा: "क्वान्तो पेझा?", याचं वजन किती? आणि "क्वान्तो व्हिएने?", याचे किती होतील? चांगल्या ठिकाणी वेटर मासा वजनकाट्यावर ठेवून आकडा सांगतो, त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. दोघांना ६०० ते ८०० ग्रॅमचा मासा भरपूर होतो, तेव्हा "लहान दाखवा" म्हणायलाही हरकत नाही. मेन्यूवर किमतीच्या जागी नुसती "एस. क्यू." अशी अक्षरं असली, तर तीही वजनावरच किंमत ठरण्याची खूण आहे. दर न सांगता वेटरने तोंडी सुचवलेला आजचा खास पदार्थ तर विचारल्याशिवाय घेऊच नये. २०१८ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये सान मार्कोजवळ चार जपानी विद्यार्थ्यांच्या हाती काही स्टेक, तळलेले मासे आणि पाणी यांचं ११०० युरोंहून जास्त बिल पडलं होतं. त्यांनी तक्रार केली, तपासणी झाली आणि त्या रेस्टॉरंटला दंडही झाला. पण सुट्टीवर आलेल्या माणसाने पोलीस ठाण्याची पायरी का चढावी?

आमचं बिल आलं तेव्हा भावोजी उखडले ते पावावर. माणशी २ युरो, पाच जणांचे १०. वेटरने शांतपणे मेन्यूच्या शेवटच्या पानावरची ओळ दाखवली. ती तिथे होतीच. इटलीत बहुतेक ठिकाणी "कोपेर्तो" नावाचा आकार असतो, माणशी साधारण १ ते ३ युरो. टेबल मांडण्याचा, काट्या-चमच्यांचा, पावाचा तो आकार. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या कायद्याने कोपेर्तो घ्यायला बंदी केली, म्हणून तिथे पावाचे वेगळे पैसे लावतात. पाव नको असेल तर टोपलीला हात लावण्याआधी परत पाठवायची, मग ते पैसे लावता येत नाहीत. पण खरं सांगू? त्या पावाने ताटातला रस्सा पुसून खाण्यात जी मजा आहे ती २ युरोंना महाग नाही. खुद्द इटालियन माणसं तेच करतात.

बिलाच्या तळाशी "सेर्विझिओ" म्हणून १० ते १५ टक्के लावलेले असू शकतात. मेन्यूवर तसं छापलेलं असेल तर ते द्यावे लागतात, आणि मग वर टिप द्यायची काही गरज उरत नाही. एरवीही तिथे टिपची सक्ती नाही. सेवा आवडली तर एक-दोन युरोंची नाणी ठेवतात. "सेर्विस नॉट इन्क्लुडेड" असं बिलावर पेनाने लिहून त्याखाली रेघ ओढून देतात, ती ओळ फक्त परदेशी पाहुण्यांसाठी असते. तिच्याकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

आता लबाडी कुठे होती ते सांगते. सुरुवातीचं ते भाजलेल्या पावाचं ताट बिलात १८ युरोंना होतं. आम्ही ते मागवलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "हे आम्ही ऑर्डर केलेलं नाही," आणि बोट त्या ओळीवर ठेवलं. आवाज चढवला नाही. वेटर आत गेला, नवं बिल घेऊन आला, १८ युरो गेलेले. इतक्या सहज गेले म्हणजे हे रोजचंच असणार. पावावरच्या रागात ती ओळ कोणी वाचलीच नसती. म्हणून बिल हाती आलं की आधी न मागवलेलं काही आहे का ते बघावं, मग नगांची संख्या, मग बेरीज. एकूण आकडाच तेवढा लिहिलेला कागद दिला तर तपशिलाचं बिल मागावं. तो आपला हक्क आहे.

पैशाचं दुःख एक-दोन दिवसांत विरतं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ताटात जे झालं ते विरायला वेळ लागला.

आई काटेकोर शाकाहारी, अंडंही न खाणाऱ्या. मेन्यूवर त्यांना "फिओरी दि झुक्का" दिसले. भोपळ्याच्या फुलांची भजी! कोकणात श्रावणात घरोघरी होतात तशी. इतक्या दूर माहेरचा पदार्थ भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. दुसरा घास घेतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "हे आत खारट काय आहे गं?" रोमच्या पद्धतीत त्या फुलात मोझरेला भरतात आणि त्यासोबत अँचोव्हीचा तुकडा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला छोटा मासा मिठात मुरवलेला. स्वयंपाकघराने काही चोरी केली नव्हती, तिथली कृतीच तशी आहे. आई काही बोलल्या नाहीत. उठून तोंड धुऊन आल्या आणि पुढे प्रवासभर केळी आणि आमचे ठेपले यांवर राहायची भाषा करू लागल्या.

तसं राहायची मुळीच गरज नाही, पण नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. बऱ्याच जुन्या स्वयंपाकघरांत मासा, मांसाचा रस्सा आणि चरबी या गोष्टी चवीपुरत्या समजल्या जातात. म्हणून एकेक नाव घेऊन सांगावं: "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चुगे, सेन्झा ब्रोदो." मांस नको, मासा नको, अँचोव्ही नको, मांसाच्या रश्शाचं पाणी नको. "सेन्झा स्त्रुत्तो" म्हणजे डुकराची चरबी नको. ती काही भाजलेल्या पावांत आणि पियादिना नावाच्या पोळीत असते. जैन मंडळींसाठी "सेन्झा अल्यो, सेन्झा चिपोल्ला", लसूण-कांदा नको. रोममधल्या रेस्टॉरंटांत काम करणाऱ्यांमध्ये बांगलादेशी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्याशी हिंदीत बोललात तर ती आत जाऊन विचारून येतात. आमचं पुढचं सगळं याच मुलांमुळे सुरळीत झालं.

भाताचे तळलेले गोळे, सुप्पली, दिसायला निरुपद्रवी, पण मूळ कृतीत आत खिम्याचा सॉस असतो. पुंतारेल्ले नावाची कुरकुरीत पालेभाजी अँचोव्हीच्या वाटणात घोळलेली असते. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं असलं तरी ते कशात शिजवलंय ते विचारावं. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं. गोमांस टाळणाऱ्यांनी ब्रेझाओला आणि व्हितेल्लो ही नावं ध्यानात ठेवावीत. पहिलं वाळवलेलं गोमांस, दुसरं वासराचं. अंडं टाळायचं असेल तर ताजा पास्ता नको, कारण फेत्तुचिने, ताल्यातेल्ले यांचं पीठ बहुधा अंड्यात मळलेलं असतं. स्पगेत्ती, पेन्ने असा सुका पास्ता नुसता गहू आणि पाणी. पान्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं.

सर्वांत अवघड गोष्ट चीजची. पार्मिजानो रेज्जानोसाठी दूध गोठवायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात आणि पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचं. त्या चीजच्या नियमावलीतच ते आहे. पास्त्यावर भुरभुरतात ते बहुधा यांपैकीच एक. काही शाकाहारी मंडळी हे चालवून घेतात, काही नाही. ज्याचं त्याने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं.

मग खायचं काय? पेन्ने अर्राबियाता, टोमॅटो आणि मिरचीचं. स्पगेत्ती अल्यो ए ओलियो, लसूण, तेल आणि लाल मिरची. पिझ्झा मारिनारा, ज्यात नावाला समुद्र असला तरी मासा नाही आणि चीजही नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, बस. रोमच्या ज्यू वस्तीतली अख्खी तळलेली आर्टिचोक, जी कुरकुरीत पाकळ्यांच्या फुलासारखी ताटात येतात. आणि चिकोरिया रिपस्साता. कडवट पालेभाजी उकडून लसूण-मिरचीवर परतलेली, अगदी आपल्या घरच्या लसणीच्या फोडणीसारखी. आईंनी ती पावाबरोबर खाल्ली आणि ठेपल्यांचा विषय मागे पडला.

जागा निवडण्याबद्दल थोडं. दारात उभं राहून बोलावणारा, पदार्थांचे फोटो, सहा भाषांतला मेन्यू आणि दुपारी चार वाजताही गरम जेवण, असं सगळं एकत्र दिसलं तर पुढे चालू लागावं. प्रसिद्ध चौकापासून पाच-सात गल्ल्या दूर गेलं की दर आणि माणसं दोन्ही बदलतात. दर लिहिलेला मेन्यू बाहेर लावणं बंधनकारक आहे; नसेल तर आत जाऊ नये. खऱ्या त्रात्तोरिआचं, म्हणजे घरगुती खाणावळीचं, स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला उघडतं. मधल्या वेळेत मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना भूक लागली तर तुकड्यावर विकला जाणारा पिझ्झा घ्यावा. तोही वजनावर मिळतो, पण तुकडा केवढा ते सुरीने खूण करून आधी दाखवतात. मेन्यूवर एखाद्या पदार्थापुढे चांदणी छापलेली असली तर तो गोठवलेल्या मालाचा आहे असं समजावं.

पास्ता, मग मांस-मासा, मग भाजी, मग गोड, असं चारही पायऱ्यांचं जेवण घ्यायलाच हवं असं नाही. एकेक पास्ता आणि मध्ये एक भाजी पुरते. पण पाच जणांत दोन ताटं मागवून वाटून खाण्याची आपली सवय तिथे रुचत नाही, आणि पिझ्झा माणशी एकच मागवतात. २०२३ मध्ये कोमो सरोवराकाठच्या एका बारने सँडविचचे दोन तुकडे करून दिल्याचे २ युरो लावले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. वाटून घ्यायचंच असेल तर आधी विचारावं.

पाण्याची बाटली जेवताना बहुधा घ्यावी लागते. "नातुराले" साधं, "फ्रिझ्झान्ते" बुडबुड्यांचं. बाहेर फिरताना मात्र विकत घेऊ नये. रोमच्या रस्त्यांवर १८७४ पासून लोखंडी नळ आहेत, आता सुमारे अडीच हजार. थंडगार, पिण्याचं, फुकट. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि थेट तोंड लावता येतं. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर एक दर, खुर्चीत बसून प्यायली तर बऱ्याचदा दुप्पट किंवा तिप्पट.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. "इल कोन्तो" म्हणावं लागतं. कार्ड घ्यायला नकार दिल्यास २०२२ च्या जूनअखेरीपासून दुकानदाराला दंड आहे, म्हणून "मशीन बिघडलंय" हे लगेच मान्य करू नका. आणि मशीनवर युरो आणि रुपये असे दोन पर्याय आले तर युरोच दाबा. रुपयांचा दर ते मशीन चालवणारी कंपनी लावते, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा महाग पडतो.