होडीत उभे का राहू नये?

मालवणच्या किनाऱ्यावर किंवा गोव्याच्या खाड्यांमध्ये अलीकडे एक नवी होडी तुमच्या पाहण्यात आली असेल. ती प्लॅस्टिकची असते. दोन्ही टोकांना निमुळती, एका माणसापुरती जागा आणि दोन्ही बाजूंना पाती असलेले एकच लांब वल्हे. तिला कयाक म्हणतात. तीन-चार मित्र आपापली कयाक घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने जातात आणि एखाद्या खडकाजवळ थांबून गळ टाकतात. इंजिन नाही, आवाज नाही आणि मासा थेट हाताच्या अंतरावर! या छंदाची आवड आपल्याकडेही वाढत आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे कोळी, गाबीत, खारवी पिढ्यान्‌पिढ्या लहान होड्यांतून समुद्रावर जात आले आहेत. होडीत प्रथमच बसणाऱ्याला त्यांच्यातील जाणती माणसे चार गोष्टी बजावतात : उभा राहू नकोस; दोघेही एकाच कडेला येऊ नका; आत आलेले पाणी आधी उपसा; नांगराचा दोर होडीच्या कुशीला बांधू नका. वरवर पाहता हे चार वेगळे नियम वाटतात. पण त्यांच्या मुळाशी पदार्थविज्ञानाचे एकच तत्त्व आहे. ते समजून घेतले तर पाठांतराची गरज उरत नाही. आणि ते न समजल्यामुळे जीवही जाऊ शकतो.

दोन बले आणि तीन बिंदू

तरंगणाऱ्या होडीवर दोन बले कार्य करतात. होडी, माणूस आणि सामान यांचे एकूण वजन गुरुत्वमध्यातून खाली खेचते. या बिंदूला ‘ग’ म्हणू. दुसरे बल पाण्याचे. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे होडीने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर उचलते. हे बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून वर जाते. या बिंदूला ‘प’ म्हणू.

होडी सरळ असताना ‘ग’ आणि ‘प’ एकाच उभ्या रेषेत असतात. बहुतेक होड्यांत ‘ग’ हा ‘प’च्या वर असतो. मग बोटावर उभी केलेली पेन्सिल जशी पडते, तशी होडी लगेच का उलटत नाही?

याचे उत्तर मिळवण्यासाठी वहीत एक आकृती काढा. होडीचा आडवा छेद म्हणून एक आयत काढा आणि तो उजवीकडे थोडा कलवा. उजवीकडचा भाग पाण्यात जास्त बुडाला, डावीकडचा वर आला. म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचा मध्य ‘प’ उजवीकडे सरकला. आता या नव्या ‘प’मधून एक उभी रेषा काढा. ती होडीच्या मधल्या रेषेला जेथे छेदते, तो आपला तिसरा बिंदू ‘म’. याला मेटासेंटर म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर याने १७४६ साली जहाजांवरील आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली.

‘म’ जर ‘ग’च्या वर असेल, तर वजन आणि प्लावक बल मिळून होडीला पुन्हा सरळ करतात. ‘म’ जर ‘ग’च्या खाली असेल, तर तीच दोन बले तिला आणखी कलंडवतात. म्हणजे होडीचे भवितव्य ‘गम’ या अंतरावर अवलंबून आहे. ते जेवढे मोठे, तेवढी होडी घट्ट. शून्याजवळ आले की डळमळीत. ऋण झाले की उलटी!

आयताकृती तळाच्या होडीसाठी ‘प’ आणि ‘म’ यांमधील अंतर एका सोप्या सूत्राने मिळते :

पम = (रुंदी × रुंदी) ÷ (१२ × बुडालेली खोली)

रुंदी कमी केली तर वरची संख्या वर्गाने घटते. शिवाय तेवढेच वजन पेलायला होडी जास्त बुडते, म्हणून खालची संख्या वाढते. एकूण परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

एका कयाकचा हिशेब

कयाकची टोके निमुळती असतात. म्हणून समजा, तिच्याऐवजी आपण २.५ मीटर लांब आणि ७० सें.मी. रुंद असा आयताकृती डबा घेतला. माणूस ६२.५ किलोग्रॅम, होडी व सामान ४० किलोग्रॅम; एकूण १०२.५ किलोग्रॅम. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते. म्हणून बाजूला सारलेले पाणी ०.१ घनमीटर. (हिशेब सोपा व्हावा म्हणूनच हे आकडे निवडले आहेत.)

बुडालेली खोली = ०.१ ÷ (२.५ × ०.७) = ०.०५७ मीटर, म्हणजे ५.७ सें.मी.
पम = (७० × ७०) ÷ (१२ × ५.७) = सुमारे ७१ सें.मी.
‘प’ तळापासून सुमारे ३ सें.मी. वर आहे. म्हणून ‘म’ची तळापासून उंची सुमारे ७४ सें.मी.

आता ‘ग’ कोठे आहे ते पाहू. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य तळापासून ३० सें.मी. आणि होडी व सामानाचा १५ सें.मी. उंचीवर धरू. दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य :

(६२.५ × ३० + ४० × १५) ÷ १०२.५ = २४ सें.मी.

गम = ७४ − २४ = ५० सें.मी. होडी चांगली घट्ट आहे.

आता तोच माणूस मासा पाहायला उभा राहिला. त्याचा गुरुत्वमध्य तळापासून साधारण १०० सें.मी. वर गेला.

(६२.५ × १०० + ४० × १५) ÷ १०२.५ = ६७ सें.मी.

गम = ७४ − ६७ = ७ सें.मी.! होडी तीच, समुद्र तोच, माणूसही तोच. पण होडीला सरळ करणारी ताकद सातव्या हिश्श्यावर आली.

होडी ७० ऐवजी ६० सें.मी. रुंद असती तर? तुम्हीच आकडे घालून पाहा. ‘म’ची उंची ४८ सें.मी. येईल. बसलेल्या माणसासाठी गम २४ सें.मी., आणि उभ्या माणसासाठी उणे १९ सें.मी. रुंदीतील केवळ १० सें.मी.च्या फरकाने उभे राहणे अशक्य झाले.

मोठी जहाजेही या नियमातून सुटत नाहीत. स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धनौकांचे भूषण ठरावे असे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरात पहिल्याच सफरीला निघाले आणि जेमतेम एक-दीड किलोमीटर जाऊन वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. वरचा भाग फार जड आणि पाण्याजवळची रुंदी अपुरी, हे त्याचे कारण. १९६१ साली ते समुद्रतळावरून वर काढण्यात आले.

मासा जड की आपण?

समजा, ५ किलोग्रॅमचा मासा गळाला लागला आणि तुम्ही तो होडीच्या कडेवरून उचलला. कड मध्यरेषेपासून ३५ सें.मी. दूर आहे. होडी किती कलेल? लहान कोनांसाठी नियम असा :

कोन = (बाजूचे वजन × त्याचे अंतर) ÷ (एकूण वजन × गम)

उत्तर रेडियनमध्ये येते. ते ५७ने गुणले की अंश मिळतात. बसलेल्या स्थितीत (५ × ३५) ÷ (१०२.५ × ५०) = ०.०३४ रेडियन, म्हणजे सुमारे २ अंश. काहीच भीती नाही.

पण मासा पाहायला तुम्ही स्वतः कडेवर वाकलात आणि तुमच्या शरीराचा गुरुत्वमध्य १० सें.मी. बाजूला गेला, तर (६२.५ × १०) ÷ (१०२.५ × ५०) = ०.१२ रेडियन, म्हणजे ७ अंश. माशापेक्षा तिपटीहून अधिक! आणि उभे असताना तुमचा तोल तेवढाच गेला तर? गम ७ सें.मी. घेऊन पाहा. सूत्र सुमारे ५० अंशांचे उत्तर देते. एवढ्या मोठ्या कोनाला हे सूत्र लागू पडत नाही; पण त्याच्या कितीतरी आधी कड पाण्याखाली जाते आणि होडी उलटते, एवढा अर्थ त्यातून निघतोच. तेव्हा धोका माशापेक्षा मासा पाहणाऱ्याकडून अधिक!

दोघांच्या होडीत दोघेही एकाच कडेला येऊ नका, हा नियमही येथेच सिद्ध झाला. नांगराच्या दोराचेही तसेच. दोर कुशीला बांधला तर होडी प्रवाहाला आडवी होते, पाणी तिला रेटते आणि दोर तिची तीच कड खाली ओढतो. दोर टोकाला बांधला तर होडी प्रवाहाच्या रेषेत वळते आणि ओढ मध्यरेषेवरच राहते.

आत साचलेले पाणी

होडीत चार तांबे पाणी साचले तर काय बिघडले, असे वाटते. पाणी तळाशी आहे म्हणजे ‘ग’ उलट खालीच येईल! पण हे पाणी दगडासारखे जागेवर राहत नाही. होडी उजवीकडे कलली की तेही उजवीकडे धावते. त्यामुळे ‘ग’ही त्याच बाजूला सरकतो आणि परिणाम असा होतो की जणू ‘ग’ वर उचलला गेला.

आपल्या होडीत १.५ मीटर लांब आणि ५० सें.मी. रुंद जागेत पाणी पसरले असेल, तर गम सुमारे १६ सें.मी.ने कमी होतो. ५०चे ३४ झाले. आश्चर्य म्हणजे तळ झाकला गेला असेल, तर ही घट पाणी किती खोल आहे यावर अवलंबून नसते. ते किती रुंद पसरले आहे यावर असते, आणि तीही घनाच्या प्रमाणात. म्हणून त्या जागेच्या मधोमध एक उभी फळी बसवून दोन भाग केले, तर घट चौथाई होते. तेलवाहू जहाजांच्या टाक्या उभ्या भिंतींनी विभागलेल्या असतात, त्याचे एक कारण हेच. मासेमारीच्या अनेक कयाकींत बसण्याची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवून तिला आरपार भोके ठेवतात. वर आलेले पाणी आपोआप निघून जाते.

मित्राची होडी आणि उलांडी

होडी रुंद न करता रुंदीचा फायदा घेता येईल का? येतो. आपल्या कोकणातील लहान होड्यांना एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो. ती उलांडी. समजा, ओंडक्याचे वजन १० किलोग्रॅम आणि तो होडीच्या मध्यापासून १.५ मीटर दूर आहे. होडी दुसऱ्या बाजूला उलटायची तर हा ओंडका आधी पाण्यातून उचलावा लागेल. त्याचे परिबल १० × १.५ = १५ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे ६० किलोग्रॅमचा माणूस मध्यापासून २५ सें.मी. बाजूला सरकला, तर त्याला हा एक ओंडका तोलून धरतो. उलांडीच्या बाजूला होडी कलली, तर पाण्यात दबलेला ओंडका तिला वर रेटतो. लांब तरफेच्या टोकाला ठेवलेले थोडे वजन किती काम करते पाहा!

मित्रांबरोबर जाण्याचा खरा फायदाही येथे आहे. दोन कयाकी शेजारी शेजारी आणून दोघांनी वल्ही दोन्ही होड्यांवर आडवी धरली की त्यांची एक जोडहोडी होते. दोन्ही मध्यरेषांत ८० सें.मी. अंतर धरून हिशेब केला, तर ‘पम’ ७१ सें.मी.वरून सुमारे ३५० सें.मी. होतो, जवळजवळ पाचपट! पाण्यात पडलेल्या माणसाने एकट्या रिकाम्या कयाकीवर कडेने चढायचा प्रयत्न केला, तर ती त्याच्या अंगावर उलटू शकते. मित्राने आपली होडी लावून ती धरून ठेवली, तर तो सहज वर येतो. म्हणून एकट्याने जाऊ नये आणि जीवरक्षक जाकीट अंगावर असल्याशिवाय तर मुळीच जाऊ नये.

येथे कोणी विचारील, की कयाक ज्यांनी शोधली त्या उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांच्या होड्या तर फारच अरुंद होत्या! खरे आहे. लाकूड किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेल्या ग्रीनलंडमधील कयाकी साधारण ५ मीटर लांब आणि अवघ्या ५० सें.मी. रुंद असत. अरुंद होडी वेगाने जाते आणि बाजूने येणाऱ्या लाटेच्या उताराबरोबर ती फारशी कलत नाही. पण त्यांचा शिकारी अगदी तळाशी पाय पसरून बसे, कमरेभोवतीचे कातडे होडीच्या तोंडाला घट्ट बांधून घेई आणि उलटलाच तर वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने पुन्हा सरळ होई. ती विद्या लहानपणापासून शिकावी लागे. आजच्या मासेमारीच्या कयाकी रुंद करतात त्या ही विद्या नसलेल्यांसाठी.

करून पाहा

यासाठी समुद्रावर जायला नको. घरची बादली किंवा टब पुरे. आयताकृती प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी थोडी माती दाबून तिच्यात एक पेन्सिल उभी रोवा. पेन्सिलीवर मातीचा एक गोळा बसवून डबा पाण्यात सोडा. गोळा थोडा थोडा वर सरकवत जा आणि डबा कोणत्या उंचीला कलंडतो ते पाहा. बुडालेली खोली मोजा. मग डबा बाहेर काढून, पुसून, आडवा करून पट्टीच्या कडेवर तोला. तो जेथे तोलला जाईल तेथे ‘ग’ आहे. डबा ८ सें.मी. रुंद असून २ सें.मी. बुडत असेल, तर ‘म’ची उंची १ + ६४ ÷ २४ = सुमारे ३.७ सें.मी. येते. तुम्ही मोजलेला ‘ग’ कलंडण्याच्या वेळी त्याच्या जवळपास आहे का?

सोडवा

१. १० सें.मी. रुंदीचा डबा २.५ सें.मी. बुडतो. ‘ग’ तळापासून ४ सें.मी. वर आहे. डबा स्थिर राहील का?
२. लेखातील कयाक ९० सें.मी. रुंद केली, तर उभ्या माणसासाठी गम किती?
३. साचलेल्या पाण्याच्या जागेचे दोन उभ्या फळ्यांनी तीन सारखे भाग केले, तर गममधील घट किती पट होईल?

उत्तरे : (१) होय, ‘म’ ४.६ सें.मी. वर आहे. (२) सुमारे ८७ सें.मी. (३) एक नवमांश.