बोट थांबते तेवढ्या वेळात सँटोरिनीचा मळा

१. सँटोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या स्फोटात खचलेल्या भागात समुद्र शिरलाय आणि तो फार खोल आहे. त्यामुळे छोट्या नावांतून किनाऱ्यावर जायचं. बोटीच्याच कंपनीची सहल घेतली तर सहसा अथिनिओस बंदरावर उतरवतात, तिथे बस उभी असते. आपलं आपण निघालेल्यांना फिरा शहराच्या पायथ्याचं जुनं बंदर मिळतं. नुसतं फिरा पाहायचं असतं तर मी सहलीचे पैसे वाचवले असते. मळे मात्र पिर्गोस, मेगालोखोरी अशा गावांच्या आसपास आहेत.

२. पत्रकात ‘वाइन टेस्टिंग’ दिसलं की लगेच नाव नोंदवू नका. वेलींमध्ये चालायला मिळणार का, ते आधी विचारा. कड्यावरच्या गच्चीत पेला हातात देऊन फोटो काढायला लावणाऱ्या जागा पुष्कळ आहेत.

३. सोबत शेतकरी न्या. आमचे भाऊजी निफाडचे द्राक्ष बागायतदार. बसमधून उतरताच त्यांनी विचारलं, “बाग कुठंय?” बाग समोरच होती. मांडव नाही, तारा नाहीत; राखाडी भुसभुशीत जमिनीवर वेली गोल वळवून परडीसारख्या विणलेल्या. याला तिथे कुलुरा म्हणतात. घड आत लपलेले, म्हणजे उन्हाळ्यातला मेल्टेमी वारा आणि त्याच्याबरोबर उडणारी वाळू त्यांना झोडपत नाही.

“पाणी किती सोडता?” माझ्या मुलीने भाऊजींचा प्रश्न इंग्रजीत विचारला. सोडतच नाही, असं उत्तर आलं. समुद्रावरून येणारं धुकं आणि दव इथली सच्छिद्र प्युमिस माती धरून ठेवते, त्यावर वेल जगते.

“खुंट कोणता?” खुंटही नाही, वेल स्वतःच्याच मुळांवर. डॉगरिज खुंटावर कलमं बांधण्यात हयात गेलेला माणूस गप्प झाला. एकोणिसाव्या शतकात युरोपभरचे मळे खाल्लेली फिलॉक्सेरा कीड या मातीत टिकत नाही, कारण चिकणमाती जवळजवळ नाहीच. परडी म्हातारी झाली की छाटून टाकतात, जुन्या मुळातून नवी फुटते. त्यामुळे काही मुळांचं वय शतकांत मोजतात. एकरी उतारा ऐकून मात्र भाऊजी हसले. एवढ्यावर निफाडात कर्जसुद्धा मिळणार नाही, म्हणाले.

४. चाखताना आधी कोरडी असिर्तिको वाइन, शेवटी विन्सांतो. असिर्तिको आंबट, किंचित खारट. विन्सांतोची द्राक्षं तोडल्यावर बारा-चौदा दिवस उन्हात सुकवतात, म्हणून ती दाट गोड. गोड आधी घेतलीत तर पुढचं सगळं बेचव. घोट थुंकायला भांडं असतं, ते वापरण्यात असभ्य काही नाही. न पिणाऱ्यांनीही जरूर जावं. सासूबाईंनी पेल्याला हात लावला नाही, पण कांदा घातलेला फावा दोनदा मागून घेतला. ही पिवळी डाळ आपल्या लाखेच्या डाळीच्या भावकीतली.

५. बाटली घेण्याआधी बोटीचे नियम बघा. किनाऱ्यावरून आणलेली दारू पुष्कळ बोटींवर ताब्यात घेतात आणि प्रवास संपताना परत देतात.

६. परतीचा वेळ वेगळा धरा. बऱ्याच सहली शेवटी फिरात सोडतात. खाली नावेपर्यंत आपलं आपण जायचं. एकाच दिवशी तीन-चार बोटी आल्या असतील तर केबल कारच्या रांगेत तासभर सहज जातो. गाढवावर बसू नये असं माझं मत. त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. पायऱ्या सहाशेच्या आसपास आहेत, पण गाढवंही त्याच वाटेने येतात-जातात आणि लिदीवरून पाय घसरतो. रबरी तळव्याचे बूट घाला.