कुत्र्याची ऋतूनुसार येणारी खाज

पाऊस ओसरू लागला की माझ्या दवाखान्यात अंग खाजवणाऱ्या कुत्र्यांची संख्या वाढते. बहुतेक मालकांच्या मनात एकच धास्ती असते, "डॉक्टर, ही खरूज तर नाही? घरात लहान मुले आहेत." एवढ्या भीतीपोटी काही जण कुत्र्याला गावाबाहेर सोडूनही येतात. म्हणून आधीच सांगतो, प्रत्येक खाज संसर्गजन्य नसते. पुष्कळदा ती ॲलर्जी असते आणि ॲलर्जी कुत्र्यापासून माणसाला होत नाही.

धूळ किंवा पराग सोसले नाहीत तर माणसाला शिंका येतात, नाक गळते. कुत्र्यात हाच त्रास मुख्यतः कातडीवर दिसतो. कुत्रा पंजे चाटत बसतो, तोंड सतरंजीवर घासतो. काखा व पोट लाल होते, कान वारंवार सुजतात. बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात हा विकार सुरू होतो. पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी वाढते; पुढे गवत फुलोऱ्यावर आले की परागांची भर पडते.

तरीही प्रथम पिसवा आहेत का ते पाहावे. शेपटीच्या मुळाशी केस विंचरून जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात. कानांच्या कडा व कोपरांवरील केस जाऊन खपल्या धरल्या असतील आणि घरातील माणसांनाही खाज सुटली असेल, तर मात्र खरजेची शंका घेऊन लगेच तपासणी करावी. खरूजही औषधाने बरी होते.

घरी काय करावे?

१) फिरून आल्यावर पंजे व पोट साध्या पाण्याने धुवून, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावे.
२) आठवड्यातून एकदा कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने आंघोळ घालावी. गरम पाणी वापरू नये. त्याने खाज वाढते.
३) अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे.
४) पिसवांचे औषध घरातील सर्व कुत्र्या-मांजरांना द्यावे, परंतु कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात.

रॉकेल, फिनेल किंवा गाडीचे जळके ऑईल अंगाला चोळू नये. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते. माणसांच्या सर्दीच्या गोळ्याही देऊ नयेत. त्यांतील काही घटक कुत्र्याला घातक ठरतात.

"मागच्या वेळचे इंजेक्शन द्या, एका दिवसात खाज थांबली होती," असा आग्रह अनेक जण धरतात. ते बहुधा स्टिरॉइड असते. गरजेपुरते ते उपयोगी आहे. पण वारंवार घेतल्यास तहान, भूक व वजन वाढते, रोगप्रतिकारशक्ती घटते, मधुमेहही जडू शकतो. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते. आता खाज आवरणारी इतर औषधेही मिळतात. त्यांची निवड पशुवैद्यकावर सोपवावी.

ही ॲलर्जी सहसा मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहते. खाज कोणत्या तारखेला सुरू झाली व केव्हा थांबली, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन वर्षांच्या अशा नोंदींवरून तिचा हंगाम कळतो आणि पुढच्या वर्षी कातडी चिघळण्यापूर्वीच उपचार सुरू करता येतात.