कौटुंबिक हिंसा आणि स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य : निदानपरिवर्जनाच्या दृष्टीने विचार

अनिद्रा, शिरःशूल, अंगमर्द, छातीत धडधड, अरुची अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या, तपासण्यांत दोष न आढळणाऱ्या आणि औषधाने तात्पुरता उपशय मिळून पुन्हा परतणाऱ्या स्त्रिया प्रत्येक वैद्याच्या परिचयाच्या आहेत. वातप्रकोप मानून आपण चिकित्सा आरंभितो. परंतु वात कशाने प्रकुपित झाला, हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका हेतूचा, कौटुंबिक हिंसेचा, विचार करीत आहोत.

हेतुविचार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते.

चरकसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय २५) रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. भय व शोक यांनी वात वाढतो, हेही आपण जाणतो. मारहाण अधूनमधून होते, भय मात्र नित्य असते. सायंकाळी दाराची कडी वाजताच जिचे हृदय धडधडते, तिला रात्री निद्रा कशी यावी?

चिकित्सासूत्र

अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांची योजना किंवा शिरोधारा लक्षणांचे शमन करू शकेल. हेतू मात्र तसाच राहील. तो रुग्णेच्या आहारविहारात नसून दुसऱ्याच्या वर्तनात आहे. म्हणून ‘जरा जमवून घ्या’ हा उपदेश येथे पथ्य ठरत नाही. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. अन्याय सोसण्याची सवय लावणे नव्हे.

चिकित्सालयातील आचार

१. पती वा सासू सोबत असताना हा प्रश्न विचारू नये. परीक्षणाच्या निमित्ताने एकांत साधावा आणि ‘घरात कोणाची भीती वाटते का?’ एवढेच विचारावे. उत्तरासाठी आग्रह धरू नये.

२. तिने सांगितलेले कुटुंबीयांना कळवू नये. संपूर्ण घर आपले रुग्ण असले तरीही हा नियम पाळावा.

३. व्रणाचे स्थान, आकार, वर्ण व दिनांक केसपेपरवर तिच्याच शब्दांतील कथनासह नोंदवावे.

४. जीव नकोसा होतो का, हे स्पष्ट विचारावे. होकार मिळाल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

५. औषधालयचालकांनी झोपेच्या औषधांची वा मलमांची वारंवार होणारी मागणी ध्यानात घ्यावी. गल्ल्यावर चारचौघांत चौकशी न करता वैद्यांकडे जाण्यास सुचवावे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२ व मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ हे क्रमांक दर्शनी भागी लावावेत.

कायद्याचा आधार

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मानसिक व आर्थिक छळही त्यात हिंसा मानला आहे. सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. तथापि रुग्णेच्या संमतीनेच पाऊल उचलावे. घाईने तिच्यावरील संकट वाढू शकते.

हिंसा थांबविणे एकट्या वैद्याच्या हाती नाही. परंतु तिची पहिली विचारपूस बहुधा आपल्याच चिकित्सालयात होऊ शकते. हेतू न विचारता दिलेले औषध अपुरे असते, हे तत्त्व आपल्या शास्त्राचेच आहे.