मुंबई थोर की पुणे?

आपल्या बोरी बुद्रुकला आळेफाटा जवळ. फाट्यावर उभे राहा. चार दिशांना चार रस्ते गेलेले दिसतील. दक्षिणेचा रस्ता नारायणगाव, मंचर, चाकण करीत पुण्याला जातो. पश्चिमेचा रस्ता ओतूरवरून माळशेज घाट उतरतो आणि कल्याणला, म्हणजे मुंबईच्या दारात नेऊन सोडतो. उत्तरेला नाशिक. पूर्वेला अहिल्यानगर. फाट्यापासून पुणे सुमारे ९० किलोमीटर. कल्याण शंभराच्या पुढे, आणि तिथून मुंबईचे बोरीबंदर आणखी पन्नासावर. आपल्या जुन्नर तालुक्यातून रेल्वे गेलेली नाही. म्हणून कुठेही जायचे तर आधी एसटी गाठायची.

आपल्याकडे पुष्कळ घरांत एक माणूस मुंबईला आणि एक पुण्याला असतो. असल्या घरात सणावाराला सगळे जमले, की एक वाद ठरलेला. मुंबई थोर की पुणे?

अशाच एका घरी यात्रेला दोन पाहुणे आले होते. एक मुंबईचा मामा. तो वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहे. दुसरी पुण्याची आत्या. तिचा मालक भोसरीला कारखान्यात आहे. घरच्या मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तिला नर्स व्हायचे होते. प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहावी लागतात. पहिले नाव कोणत्या शहराचे लिहू, एवढे तिने विचारले मात्र, दोघांची जुंपली.

मामा म्हणाला, “मुंबईचं घाल, पोरी. १८५३ सालात हिंदुस्थानातली पहिली प्रवासी आगगाडी सुटली ती आमच्या बोरीबंदरावरून, ठाण्याला. तारीख १६ एप्रिल. २०११ च्या शिरगणतीत मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास माणूस भरलं. तुमच्या पुण्यात किती? एकतीस लाख!”

आत्या म्हणाली, “माणसं जास्त म्हणजे सोय जास्त व्हय, पाव्हणं? तेवढीच रांग मोठी. मुलींनी शिकायचं म्हटल्यावर पुणंच. सावित्रीबाई आन् जोतिबांनी मुलींची शाळा काढली ती पुण्यात, १८४८ ला.”

“आमचं जे. जे. हॉस्पिटल १८४५ चं.”

“आमचं ससून १८६७ चं.”

“आमचं विद्यापीठ १८५७ चं. तुमचं १९४९ चं!”

साले दोघांचीही बरोबर होती. पण सालांनी अर्ज कसा भरायचा? मुलगी वही घेऊन बसली होती. ती म्हणाली, “मामा, मला एवढंच सांगा. रात्रपाळी करून यायचं तर गाडी मिळंल का?”

आता मामा सावरून बसला. मुंबईची लोकल पहाटे चारच्या सुमारास सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर थोडा वेळच थांबते. बायकांचे डबे निराळे असतात. पाळीने काम करणाऱ्या बाईला ही मोठीच सोय आहे. मात्र गर्दी किती, हेही मामाने लपवले नाही. सकाळच्या लोकलमध्ये पाय टेकायला जागा मिळाली तरी नशीब, असे तो म्हणाला.

आत्याने पुण्याच्या मेट्रोचे नाव काढले. पुण्यात मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. मुंबईत ती २०१४ सालीच आली होती. १ ऑगस्ट २०२३ पासून पिंपरीहून मेट्रोने शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत जाता येऊ लागले. भोसरीच्या लोकांना तिचा चांगला उपयोग होतो. पण मेट्रो रात्री बंद होते. मग बस शोधा, रिक्षा करा, नाहीतर स्वतःची दुचाकी ठेवा. पुण्यात घरोघरी दुचाकी दिसते ती काही हौसेने नाही.

मुलीने वहीत लिहून घेतले. मग विचारले, “शनिवारी घरी यायचं म्हटलं तर?”

इथे मामा गप्प झाला. पुण्याहून तीन-साडेतीन तासांत माणूस आळेफाट्याला येते. मुंबईहून दिवस मोडतो. त्यातून पावसाळ्यात माळशेज घाटात दरड आली, की रस्ता बंद. आत्या जिंकल्यासारखी हसली.

मुलीचे वडील तोवर काही बोलले नव्हते. त्यांचा जीव शेतात. ते म्हणाले, “तुमच्या दोन्ही शहरांत नळ आहे. त्या नळाला पाणी कुठलं, ते सांगा.”

वाचकहो, हा प्रश्न आपल्याला नीट कळेल. आपण कुकडीकाठचे. येडगाव धरणातून आवर्तन सुटले की कुणाला किती पाणी, यावरून किती रण माजते ते आपण पाहतोच. शहरांचेही तसेच आहे.

मुंबईचे पहिले मोठे तळे विहारचे, १८६० सालचे. शहर वाढले, ते पुरेना. मग १८९२ साली तानसा झाले. पुढे वैतरणा, पुढे भातसा. आता सात तळ्यांचे पाणी मोठमोठ्या नळांनी मुंबईला जाते. यातला मोठा वाटा शहापूर तालुक्याच्या भागातून निघतो. आणि त्याच शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. नळ गावाच्या शिवारातून जातो आणि बाई हंडा घेऊन त्याच्या कडेने चालते.

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचे पाणी मिळते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले, आणि मुठेकाठचे अर्धे पुणे वाहून गेले, हे आजीला आपल्या लहानपणचे ऐकून माहीत होते. ती धरणे आता पुन्हा उभी आहेत. पण शहराने जास्त पाणी उचलले, की दौंड-इंदापूरच्या कालव्याला कमी पडते. दरसाल हा वाद होतो. खेड तालुक्यातल्या भामा-आसखेड धरणाचे पाणीही आता पुण्याला जाते. तिथल्या धरणग्रस्तांनी त्यासाठी आंदोलने केली.

“मंग दोन्ही शहरं सारखीच की,” वडील म्हणाले. “थोर म्हणवून घ्यायचं आन् पाणी दुसऱ्याचं प्यायचं.”

मामाला हे लागले. तो म्हणाला, “दाजी, तुमचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारातून जातो कुठं? शहरातच ना? तिथं खाणारं तोंड नसतं तर भाव कुणी दिला असता?” वडील यावर काही बोलले नाहीत. खरे तर दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

मग आजी बोलली. ती इतका वेळ शेंगा फोडीत होती.

“तुम्ही दोघं शहराचं सांगताय. मी माझं सांगते. तुझ्या आजोबाला गाठ आली तवा पुण्याला नेलं. आत्याच्या घरी राहिलो. तिथं तपासणी झाली, कॅन्सर निघाला. डाक्तर म्हणाले, परळच्या टाटाला न्या. मंग मुंबईला. चाळीस दिवस मामाच्या खोलीत होतो. दहा बाय बाराची खोली. आधीच पाच माणसं, त्यात आम्ही तिघं. मामा चाळीस दिवस बाहेर गॅलरीत निजला. आजोबा आणखी सहा वर्षं जगले.”

कुणी काही बोलले नाही. मामा उठून पाणी प्यायला गेला.

टाटा हॉस्पिटल परळला १९४१ साली सुरू झाले. तिथे साऱ्या देशातून रोगी येतात. ज्यांचे मुंबईत कुणी नाही, त्यांची माणसे धर्मशाळा शोधतात, नाहीतर रस्त्याच्या कडेला पथारी टाकतात. आजोबांना हॉस्पिटलही मिळाले आणि खोलीही मिळाली. पूर्वी आपल्याकडची माणसे मुंबईला गेली, तेव्हा एकेका गावची मंडळी एकाच खोलीत राहत, खानावळीत जेवत आणि नव्या माणसाला कामाला लावीत. हमाली असो, भाजीबाजार असो, की जेवणाचे डबे पोचवणे असो, आपला माणूस आपल्याच माणसाच्या ओळखीने शिरला. ही सोय कुठल्या महापालिकेने केलेली नाही.

“मंग आजी, मी कुठलं नाव पहिलं लिहू?” मुलीने विचारले.

“तुला रात्री सुखरूप निजायला कुठं मिळंल, ते बघ. कॉलेजात मुलींचं वसतिगृह आहे का, विचार. फी किती, विचार. आन् नाशकाचं नाव कसं कुणीच काढलं नाही? त्याचाही रस्ता फाट्यावरूनच जातो.”

सगळे हसले. पण मुलगी हसली नाही. तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलेले तिला आठवले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला झाले. सरकारी कॉलेजातून नर्सिंगची पदवी मुंबईत घ्या की पुण्यात, पदवीचा कागद नाशिकच्या विद्यापीठाचाच असतो.

“म्हणजे आम्ही उगाच भांडलो!” आत्या म्हणाली.

मुलीने वहीचे कोरे पान काढले. पानावर उभ्या तीन रेघा ओढल्या. चार रकाने झाले. पहिल्या रकान्यात प्रश्न: वसतिगृह, फी, रात्रीची गाडी, घरी यायला लागणारा वेळ, आपले माणूस कोण. पुढच्या तीन रकान्यांवर मुंबई, पुणे, नाशिक. मामाने मुंबईचा रकाना भरायला घेतला. आत्याने पुण्याचा. नाशिकचा रकाना कोराच राहिला. त्यासाठी मुलीने दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी जायचे ठरवले.

अभ्यास: असा तक्ता तुमच्या पाटीवर काढा. घरच्या कोणत्या कामासाठी शहरात जावे लागते, ते वर लिहा. दवाखाना, बाजार, कोर्ट, नोकरी, शिक्षण, काहीही चालेल. जे तुम्हाला माहीत आहे, तेच रकान्यात लिहा. माहीत नसेल तो रकाना कोरा ठेवा, आणि तो कुणाला विचारून भरता येईल, त्याचे नाव बाजूला लिहा.