बिडाच्या खांबांवरील हॉटेल

खडूचा एक लांब तुकडा घ्या. त्याच्या दोन्ही टोकांवर बोटांनी सरळ दाब द्या. खडू सहजी मोडत नाही. आता तोच खडू दोन्ही हातांत धरून वाकवा. तो ताबडतोब मोडतो! असे का व्हावे? वाकणाऱ्या वस्तूची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. खडू दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून तडा बाहेरच्या बाजूने सुरू होतो.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, याच स्वभावाचे आहे. त्यात सुमारे २ ते ४ टक्के कार्बन असतो. यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ताण पडला की पापुद्र्यांच्या कडांपाशी तडे जातात. म्हणून बीड खांबांना उत्तम, परंतु तुळयांना धोक्याचे. इंग्लंडमध्ये चेस्टरजवळचा डी नदीवरील रेल्वेपूल १८४७ साली बिडाची तुळई मोडून कोसळला व ५ माणसे दगावली. त्यानंतर तुळयांसाठी ताण सोसणारे घडीव लोखंड अधिकाधिक वापरले जाऊ लागले.

याच काळातील एक इमारत मुंबईत काळा घोडा भागात आहे. ती म्हणजे वॉटसन हॉटेल. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनीयराने केला. लोखंडी भाग डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजाने मुंबईस आले आणि १८६७ ते १८६९ या काळात जोडले गेले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात प्रथम येथेच दाखवले गेले.

साध्या घरात भिंती मजल्यांचा भार पेलतात. येथे मजल्यांचा आणि विटांच्या भिंतींचाही भार लोखंडी सांगाडा पेलतो. आजच्या उंच इमारतींचे तत्त्व हेच आहे.

परंतु सांगाडा लोखंडाचा, आणि समुद्र जवळ. खारट, दमट हवेत लोखंड लवकर गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे भोवतालच्या विटा फुटतात व पाणी आणखी आत शिरते. २००५ साली इमारतीच्या सज्जाचा काही भाग कोसळला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती रिकामी करण्यात आली. उत्तम आराखड्यालाही नित्य निगा हवीच!

आता एक प्रश्न. काँक्रीटही खडूसारखेच ताणाला दुबळे असते. मग दोन्ही बाजूंना आधार असलेल्या स्लॅबच्या मध्यभागी सळया खाली ठेवतात, पण भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जात त्या वर ठेवतात, असे का?