बंद न्हाणीघर आणि गॅस गीझर

आपल्या आजोबांच्या पिढीने तांब्याचा बंब मागील दारी ठेवला. शेण्या, करवंट्या आणि ढलप्यांचा धूर डोळ्यांना झोंबत असे, म्हणून त्याची जागा घराबाहेरच ठरलेली होती. तापलेले पाणी तेवढे न्हाणीत आणले जाई. बंब गेला आणि गॅस गीझर आला. याचा धूर दिसत नाही, डोळ्यांना झोंबत नाही. त्यामुळे जी ज्वाला वाडवडिलांनी बाहेर ठेवली तिला आपण न्हाणीघराच्या चार भिंतींत आणून बसवले. आपल्या बडोद्यात तर १९७२ पासून नळाने गॅस येऊ लागला, त्यामुळे गॅसवर पाणी तापवणे येथे कोणाला नवलाचे वाटत नाही. वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत प्लंबरच्या कामाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाच्याच घरात घडले.

काही वर्षांपूर्वी आमचा विजेचा गीझर गळू लागला, म्हणून त्याऐवजी गॅसचा बसवण्याचे ठरले. आलेला प्लंबर वयस्क आणि मितभाषी होता. न्हाणीघर पाहून तो म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, आत नको. हा आतली हवा खातो. मागच्या चौकात बसवतो, अठरा फूट पाइप लागेल.’’ अठरा फूट पाइप, भिंतीला भोक, दोन फरशा फुटणार, शिवाय गरम पाणी उशिरा येणार, हे मला रुचले नाही. ‘‘गळती नाही ना, एवढे पाहा म्हणजे झाले,’’ असे मी सांगितले. त्याने सांध्यांना साबणाचे पाणी लावून दाखवले. एकही बुडबुडा आला नाही. गीझर आतच बसला.

त्या जानेवारीत पुण्याहून आलेली भाची संकष्टीच्या दिवशी डोक्यावरून न्हात होती. थंडीमुळे खिडकीच्या काचा लावलेल्या होत्या. बादली कलंडल्याचा आवाज आला. कडी तोडून आत गेलो तेव्हा ती बेशुद्ध होती आणि हातापायांना झटके येत होते. बाहेरच्या खोलीत आणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८ आला. मी निर्धास्त झालो. उपवास, अशक्तपणा, कदाचित अपस्मार, असा माझा तर्क धावला. रुग्णालयातही त्याच दिशेने विचार झाला. मेंदूचा आलेख आणि एमआरआय सामान्य आले, तरी अपस्माराचे औषध सुरू झाले. तीन आठवड्यांनी त्याच न्हाणीघरातून माझी पत्नी डोके धरून, उलट्या होत बाहेर आली, तेव्हा मला प्लंबरचे शब्द आठवले. तिच्या रक्तातील कार्बॉक्सीहिमोग्लोबिन वाढलेले आढळले. भाचीच्या बाबतीत पुरावा हाती राहिला नव्हता. परंतु मज्जाविकारतज्ज्ञांनी सर्व हकिकत ऐकून तिचे औषध थांबवले.

साबणाच्या पाण्याने कळते ती न जळलेल्या गॅसची गळती. तिचा वासही येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र गॅस जळाल्यानंतर, प्राणवायू अपुरा पडला म्हणजे तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. सांधा कितीही घट्ट असला तरी हा धोका तसाच राहतो.

थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्यास सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. म्हणजे स्वयंपाकघरातील चार मोठे बर्नर एकदम पेटवण्यासारखेच. त्यासाठी दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू खर्ची पडतो. पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सारी हवा पावणेसात घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर न्हाणे संपण्यापूर्वीच ज्वालेला प्राणवायू पुरेनासा होतो. काही उपकरणे ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतात, परंतु ते घड्याळ हवा मोजत नाही. आणि एकामागून एक चार माणसे न्हाणाऱ्या घरात ते चार वेळा नव्याने सुरू होते.

म्हणून प्लंबरला बोलावण्यापूर्वीच घरधन्याने जागा ठरवावी: उघडा चौक, गच्ची किंवा मोकळ्या हवेची बाल्कनी. काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही खोलीच समजावी. आतमध्ये एक्झॉस्ट पंखा लावून देतो, असे कोणी म्हटले तर ते पुरेसे मानू नये; बाहेरची हवा आत येण्यास वाट नसेल तर पंखा एकटा काय करणार? प्लंबरकडून पाण्याचे काम घ्यावे, गॅसची जोडणी मात्र गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावी. सिलिंडरचा गॅस आणि नळाचा गॅस यांसाठी गीझरचे जेट वेगवेगळे असतात. नळाच्या गॅसचा गीझर बदलीच्या गावी नेऊन तसाच सिलिंडरला जोडला, तर गरजेपेक्षा जास्त गॅस येऊन तो अर्धवट जळतो. ज्वाला निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली की गीझर बंद करून कारागिराला बोलवावे. बाहेर जागाच नसेल तर विजेचा गीझर घ्यावा. त्याला अर्थिंग आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. त्याच्या दाबमुक्तीच्या झडपेतून पाणी ठिबकते म्हणून ती बुचाने बंद करणारे कारागीर मी पाहिले आहेत. तसे कदापि करू देऊ नये.

आता समव्यावसायिकांसाठी दोन शब्द. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बॉक्सीहिमोग्लोबिनलाही प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन समजतो. माझा ९८ चा आकडा असाच खोटा होता. निदानासाठी को-ऑक्सिमेट्रीच हवी, तीही लवकर, कारण साध्या हवेत हे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते. शंभर टक्के प्राणवायू दिल्यास तास-दीड तासात. अहवालाची वाट न पाहता घट्ट बसणाऱ्या मास्कने प्राणवायू सुरू करावा. गर्भवतीच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू सावकाश निघतो. शुद्धीवर आलेल्या रुग्णात काही दिवसांनी वा आठवड्यांनी विस्मरण, स्वभावातील बदल, हालचालींतील मंदपणा दिसू शकतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी पाणी कशावर तापते आणि ते उपकरण कोठे बसवले आहे, हे विचारल्याशिवाय अपस्माराचा शिक्का मारू नये. सोडवण्यास आत जाणाऱ्याने आधी दार-खिडकी उघडावी, गॅस बंद करावा आणि रुग्णाला तत्काळ बाहेर आणावे.

त्याच प्लंबरला मी पुन्हा बोलावले. तो आला, काही बोलला नाही. दोन फरशा काढल्या, गीझर चौकात हलवला आणि अठरा फूट पाइपचे पैसे घेऊन गेला. आता नळ सोडला की पहिले तांब्याभर पाणी गार येते.